आजीचा ‘डोया’ आणि शेपटीचा डी

*ताई, मी एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी आजीचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड केलंय. आजी अचलपूरकडची, पक्की वऱ्हाडी. चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे आणि सरांनी ते आयपीएत, म्हणजे आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत उतरवायला सांगितलंय. मी इंटरनेटवरून एकेक चिन्ह कॉपी करून वर्डमध्ये चिकटवते. एका ओळीला दहा मिनिटं जातात. परवा चार पानं छापायला नेली तर निम्म्या चिन्हांच्या जागी चौकोन. शिवाय तो उलटा ई शोधायला गेले, तर काही सापडतात आणि काही डोळ्यांसमोर असूनही सापडत नाहीत. भाऊ म्हणतो, मराठी जशी बोलतो तशीच लिहितो, मग हे इंग्रजी किडे कशाला? तीन आठवड्यांत जमा करायचंय. काय करू? – आजीची नात*

प्रिय नात,

तुझ्या पत्रातलं सगळ्यात गंभीर वाक्य तू ‘शिवाय’ म्हणून मागे ढकललंयस. दहा मिनिटांची ओळ सरावाने दोन मिनिटांवर येईल. चौकोनांचंही औषध आहे. पण उलटे ई समोर दिसतात आणि सापडत नाहीत, याचा अर्थ तुझ्या फाइलमध्ये दोन किंवा तीन वेगवेगळे उलटे ई आहेत. आज ते निस्तरलं नाहीस तर आणखी पंधरा पानांनंतर रडशील. मी रडले आहे, म्हणून सांगते.

झालंय ते असं. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. ध्वनिलिपीतला उलटा ई, ज्याला श्वा म्हणतात, म्हणजे आपल्या ‘घर’मधल्या घ-मध्ये दडलेला अ, त्याचा क्रमांक ०२५९. पण हुबेहूब तसाच दिसणारा दुसरा एक उलटा ई ०१डीडी या क्रमांकावर आहे. तो काही आफ्रिकी भाषांच्या लेखनासाठी ठेवलाय. आणि तिसरा रशियन वळणाच्या सिरिलिक लिपीत, ०४डी९ वर. कागदावर तिघं जुळे भाऊ, पण संगणकाच्या लेखी त्यांचं एकमेकांशी काही नातं नाही. तू कधी या पानावरून, कधी त्या पानावरून चिन्ह उचललंस आणि तिघांना एका घरात आणून ठेवलंस. उद्या ‘आजीच्या बोलण्यात शब्दाच्या शेवटी अ किती वेळा येतो’ हे मोजायला बसलीस की आकडा चुकणार, आणि तो चुकलाय हे तुला कळणारही नाही.

तपासायचं कसं ते सोपं आहे. विंडोजवरच्या वर्डमध्ये संशयित चिन्हाच्या लगेच पुढे कर्सर ठेव आणि ऑल्ट धरून एक्स दाब. चिन्ह जाऊन त्याचा क्रमांक दिसेल. बघून झालं की कंट्रोल-झेड, चिन्ह परत. खोटे सापडले की फाइंड-रिप्लेसने सगळे एकदम खरे करून टाक. लांबीच्या खुणेलाही हाच हिसका दाखव. आ लांब आहे हे सांगणाऱ्या दोन छोट्या त्रिकोणांऐवजी घाईत साधा कोलन पडलेला असतो, आणि आघाताच्या उभ्या रेघेच्या जागी अवतरणचिन्ह. तुझी चार पानं मी पाहिलेली नाहीत, पण त्यात हे दोन्ही नसतील तर मला आश्चर्य वाटेल.

(इथे चिन्हं न छापता मी त्यांची वर्णनं आणि क्रमांक देतेय, हे तुझ्या लक्षात आलं असेल. हे सदर कुठल्या पडद्यावर कोणत्या फॉन्टात उघडेल याचा भरवसा नाही, आणि चौकोनांवरच्या उत्तरात चौकोन उमटले तर माझी शोभा व्हायची. क्रमांक टाइप करताना अंक अर्थातच इंग्रजी वापर.)

आता टाइप करण्याकडे येऊ. ध्वनिलिपीच्या तक्त्यात १०७ अक्षरं आहेत, वर माथ्यावरच्या, पायाखालच्या खुणा वेगळ्या. तो तक्ता पाहून माणूस बिचकतो. पण तुला झुलू भाषेतले टचटच वाजणारे ध्वनी लिहायचे नाहीत, आजीची वऱ्हाडी लिहायची आहे. साध्या इंग्रजी कळफलकावर नसलेली फार तर अठरा-वीस चिन्हं तुला लागतील. श्वा, लांबीची खूण, ट-ठ-ड-ढ-णसाठी शेपटीचे टी, डी आणि एन, ळ आला तर शेपटीचा एल. ख-थ-फमधल्या महाप्राणासाठी, म्हणजे हवेच्या झोतासाठी, वर टांगलेला छोटा एच, घ-झ-भसाठी तसाच पण आकडेवाला छोटा एच. ह-साठी पूर्ण आकाराचा आकडेवाला एच. व-साठी गोलसर व्ही. ‘अंग’मधल्या अनुनासिकासाठी लांब शेपटीचा एन. श आणि ‘चहा’तला च यांच्यासाठी दोन-तीन, अनुनासिक स्वरावरची नागमोडी खूण, आणि दोन अक्षरं बांधणारी वरची कमान. झालं. ही यादी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर हाताने लिही, प्रत्येकापुढे क्रमांक घाल आणि पडद्याच्या कडेला चिकटव. हाताने लिहायला सांगतेय ते जुन्या पिढीचं खूळ म्हणून नव्हे. शेपटी कुठे वळते ते हाताला कळलं की डोळा फसत नाही.

तुझ्या आजीच्या तोंडी बसेल असं एक वाक्य घेऊ: ‘माह्या डोयाले दिसत नाई वो.’ यातलं ‘डोयाले’, म्हणजे ‘डोळ्याला’, लिहूया. पहिला ड मूर्धन्य, जीभ मागे वळून टाळूला लागते, म्हणून शेपटीचा डी, ०२५६. मग साधा ओ. मग य. इथे थांब, कारण इथे सगळे पडतात. ध्वनिलिपीत य-साठी इंग्रजी जे आहे. वाय नाही. वाय हे तिथे वेगळ्याच एका स्वराचं चिन्ह आहे, फ्रेंच बोलताना ओठांचा चंबू करून ई म्हणतात तो. तू वाय लिहिलास तर तक्ता जाणणारा परीक्षक वाचेल की अचलपूरची आजी मधूनच फ्रेंच बोलते. तर जे, त्यापुढे इंग्रजी ए, त्याला लांबीची खूण ०२डी०, मग इंग्रजी एल आणि ई. ‘दिसत’मधला द मात्र दंत्य, त्याला बिनशेपटीचा साधा डी. काटेकोर लिहायचं तर त्याच्या पायाखाली दाताची छोटी खूण येते, ०३२ए. मी म्हणेन ती देऊ नकोस. प्रकल्पाच्या सुरुवातीला एक वाक्य घाल, ‘साधे टी आणि डी सर्वत्र दंत्य समजावेत’, आणि शेकडो खुणा वाचव. र-चंही तसंच. आपला र बहुतेक वेळा जिभेचा एकच टोला असतो, त्याला वेगळं चिन्ह आहे. पण तू तळटीप देऊन साधा आर वापरलास तर कुणी तुला फाशी देणार नाही.

‘नाई’मध्ये ह लिहू नकोस. लेखी सवयीने हात ‘नाही’ लिहायला जाईल आणि कानही बेइमानी करून ह ऐकेल. मी विद्यार्थ्यांना हे वाक्य ऐकवते तेव्हा दहातले सात जण न ऐकलेला ह लिहून ठेवतात. कुठलाही कळफलक यावर उपाय करत नाही.

टाइप करायच्या वाटा तीन. अधूनमधून एखादं चिन्ह हवं असेल तर आत्ता सांगितलेली युक्ती उलटी चालव: क्रमांक टाइप कर, ऑल्ट-एक्स दाब, चिन्ह हजर. एकच खोड आहे. क्रमांकाच्या अगदी मागे ए ते एफपैकी अक्षर चिकटलेलं असेल तर वर्ड तेही क्रमांकातच धरतं आणि भलतंच काही उमटतं. म्हणून फक्त ते चार आकडे निवडून मग कळ दाब. लिब्रेऑफिसमध्येही हीच कळ चालते. मॅकवर चालत नाही, तिथे कंट्रोल, कमांड आणि स्पेस एकत्र दाबून चिन्हांची पेटी उघडावी लागते.

रोज लिहायचं असेल तर कीमॅन नावाचा मोफत प्रोग्राम घे आणि त्यात एसआयएल या भाषासंस्थेचा आयपीए कळफलक टाक. मूळ अक्षर दाबायचं आणि लगेच ‘पेक्षा लहान’, ‘पेक्षा मोठे’ किंवा ‘बरोबर’ यांतली खूण दाबायची, की अक्षर बदलतं. ई आणि बरोबर म्हणजे श्वा. दोन दिवस हात अडखळतो. तिसऱ्या दिवशी आपण काय दाबतोय हे विसरायला होतं, देवनागरीत जोडाक्षर काढताना विसरायला होतं तसंच. मोबाइलवरही चालतो.

तिसरी वाट माझ्या आवडीची, थोडी आडवळणाची. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले जॉन वेल्स यांनी १९९५ मध्ये एक्स-सॅम्पा नावाची पद्धत मांडली. साध्या कळफलकावरच्या खुणांनी अख्खी ध्वनिलिपी लिहायची. श्वासाठी ईमेलमधला ॲट. मूर्धन्य करायचं तर अक्षरापुढे एकच्या डावीकडच्या कळीवरची ती तिरकी टिकली. लांबीला चक्क कोलन. महाप्राणाला अंडरस्कोर आणि एच. रेकॉर्डिंग ऐकता ऐकता पत्र लिहावं तसं भराभर टाइप होतं, आणि सगळं संपल्यावर फाइंड-रिप्लेसने एकेक खूण खऱ्या चिन्हात बदलायची. दोन-तीन खुणांचे गट आधी बदल, एकट्या नंतर. आणि ध्वनिलेखन वेगळ्या फाइलमध्ये असू दे. नाहीतर कोलन बदलताना तुझ्या प्रस्तावनेतले सगळे कोलन लांबीच्या खुणा होऊन बसतील. हसू नकोस, हा अनुभव आहे. तुझ्याकडे तीन आठवडेच आहेत, तेव्हा मी हीच वाट धरायला सांगेन. यात दुहेरी श्वाची भानगडही आपोआप मिटते, कारण बदल एका ठिकाणाहून एकदाच होतो.

कोणतीही वाट धर, आधी वर्डची हुशारी बंद कर. ओळीचं पहिलं अक्षर ते आपणहून मोठं करतं, आणि ध्वनिलिपीत मोठ्या अक्षरांना जागा नाही. स्पेलिंग तपासणीही त्या मजकुरापुरती काढून टाक, नाहीतर लाल रेघांच्या जंगलात नागमोडी खूण दिसायची नाही.

चौकोनांचं कारण साधं आहे. छपाईच्या दुकानातल्या संगणकावर तुझा फॉन्टच नव्हता. मंगल वा कोकिळा देवनागरीसाठी केलेले, त्यांच्याकडून ध्वनिचिन्हांची अपेक्षा करू नये. डूलोस एसआयएल किंवा कॅरिस एसआयएल घे. दोन्ही मोफत, दोन्हींत ध्वनिलिपी पूर्ण, आणि नागमोडी खूण श्वाच्या डोक्यावर नेमकी बसते, शेजाऱ्याच्या अंगणात जात नाही. मग दुकानात वर्डची फाइल नेऊच नकोस. घरीच पीडीएफ कर, फॉन्ट आत बसलेले आहेत याची खात्री कर, आणि ती ने.

माझं रडणं याच गावचं. विद्यार्थिदशेत मी एका जुन्या, युनिकोडपूर्व ध्वनिफॉन्टमध्ये साठ पानं टाइप केली होती. आपल्याकडे श्रीलिपी, कृतिदेवमधला मजकूर दुसऱ्या फॉन्टात उघडला की जसा कचरा दिसतो, तोच प्रकार तिथेही होता. आतून इंग्रजी अक्षरंच, वरून ध्वनिचिन्हांचा मुखवटा. नवीन संगणकावर फाइल उघडली तेव्हा मुखवटे गळून पडले होते. साठ पानं पुन्हा ऐकून पुन्हा लिहिली. दुसऱ्यांदा ऐकताना पहिल्या वेळच्या बऱ्याच चुका सापडल्या हे खरं, पण त्यासाठी मी त्या फॉन्टचे आभार मानणार नाही.

भावाकडे वळू. त्याला सांग, ‘चार गुरं चार’ हे मोठ्याने म्हण. पहिला चार तालव्य, जीभ टाळूला. दुसरा दंत्य, दातांमागे. लिहिताना दोन्ही एकच. ‘माझा’ म्हण आणि लगेच ‘माझी’ म्हण, झ जागेवरून हलतो की नाही? ‘संत’, ‘संप’ आणि ‘संगत’ यांतल्या टिंबाचे उच्चार तीन: न, म आणि ङ. ‘करवत’मधला शेवटचा अ आपण खातो आणि लिहिताना तो आहे असं गृहीत धरतो. आपण लिहितो तसं बोलत नाही. आपल्याला दोन्ही माहीत असतं, म्हणून फरक जाणवत नाही एवढंच. आजीची बोली माहीत नसलेल्या कोल्हापूरच्या किंवा कोरियाच्या वाचकाला तो आधार नाही.

आणि ‘इंग्रजी किडे’ हे काही खरं नाही. १८८६ साली पॅरिसमध्ये भाषा शिकवणाऱ्या मंडळींनी एकत्र येऊन संस्था काढली, पॉल पासी हे फ्रेंच गृहस्थ त्यात पुढे होते, आणि १८८८ मध्ये चिन्हांचा पहिला संच आला. अक्षरं रोमन आहेत, मान्य. पण त्या तक्त्याची रचना भावाला दाखव. व्यंजनं उच्चारस्थानानुसार मांडली आहेत, डावीकडे ओठ, मग दात, मूर्धा, टाळू, आणि उजवीकडे कंठ. आपण पहिलीत क-वर्गापासून प-वर्गापर्यंत जे घोकलं, कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य, तेच जवळजवळ उलट्या दिशेने. शिक्षाग्रंथ, म्हणजे उच्चारशास्त्राचे ग्रंथ, पाठ करणाऱ्या आपल्या पूर्वजांना हा तक्ता समजावून सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नसती.

तरीही भावाचं अर्धं म्हणणं मी घेते. देवनागरी टाकून देऊ नकोस. प्रत्येक वाक्याच्या तीन ओळी कर: वर आजी बोलली तशी देवनागरीत, मधे ध्वनिलिपीत, खाली प्रमाण मराठीत अर्थ. परीक्षकाला मधली ओळ लागेल, तुझ्या घरच्यांना वरची. नायमेखनच्या माक्स प्लांक संस्थेचं इलान हे मोफत सॉफ्टवेअर अशाच थरांसाठी आहे. आवाजाच्या नेमक्या तुकड्याला तिन्ही ओळी बांधून ठेवता येतात. ड की द असा संशय आला तर प्राट या आवाज तपासायच्या प्रोग्राममध्ये तो तुकडा उघडून बघ. त्यात चिन्हं काढायला उलट्या तिरक्या रेघेची स्वतःची पद्धत आहे, डी आणि टिंब म्हणजे शेपटीचा डी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठी बोलींचं सर्वेक्षण केलंय, त्यातले वऱ्हाडी नमुनेही ऐक. ळ-चा य सगळीकडे सारखा होतो का, ‘काळा’ला ‘काया’ म्हणणारी बाई एखाद्या शब्दात ळ राखते का, हे ऐकण्यासारखं आहे. तुझ्या आजीने ‘डोया’ म्हणता म्हणता एकदा कुठे स्वच्छ ‘डोळे’ म्हटलं असेल, बहुधा तू मोबाइल समोर धरलायस हे आठवून, तर ते प्रकल्पातलं सर्वांत मोलाचं अक्षर समज. तिथे शेपटीचा एल घाल आणि टीप लिही.

वेळेचं गणित कडू आहे. नवशिक्याला एका मिनिटाच्या रेकॉर्डिंगला ध्वनिलेखनासाठी एक तास सहज लागतो, मलाही लागायचा. चाळीस मिनिटं तीन आठवड्यांत होतील, पण वाईट होतील. उद्याच सरांकडे जा आणि विचार: आठ मिनिटं निवडून काटेकोर ध्वनिलिपीत आणि उरलेली देवनागरीत चालतील का? सोबत नीट केलेलं एक पान दाखवायला ने. पान हातात असलं की ‘मला जमत नाही’ असा अर्थ निघत नाही. निवडताना गप्पांचा तुकडा घे. ओव्या किंवा गाणी नकोत, कारण चालीसाठी स्वर ताणले जातात आणि लांबीच्या खुणेचा काही भरवसा राहत नाही.

आणि एक विचारायचं राहिलं. ते वाक्य मी माझ्या मनाने रचलं, पण तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये आजी तसं काही खरंच म्हणाली असेल, तर ते दहा वेळा मागेपुढे करून ऐकण्याआधी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलंस का?

– तुझी ताई